वऱ्हाड तह (१८५३) व धाराशिव

हैदराबादचा निजाम व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात फौजखर्च व कर्जासंबंधी २१ मे १८५३ रोजी झालेला करार.

पार्श्वभूमी : मराठे, म्हैसूर, इंग्रज व फ्रेंच यांच्या सत्तास्पर्धेत खर्ड्याच्या पराभवानंतर (१७९५, पहा : खर्ड्याची लढाई) निजाम अली खानने १७९८ मध्ये तैनाती फौज स्वीकारली (पहा : तैनाती फौज) व फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या. पुढे उभारलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या वेगळ्या फौजेच्या पगारापोटी निजामावर कर्ज साचले.

स्वरूप : गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या काळातील या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखाली गेले, सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले. धाराशिव भागाचा कारभार नळदुर्गहून चाले. तेथे मेडोज टेलर हा उपायुक्त होता (पहा : नळदुर्ग). १८५७ च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, सुमारे ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले आणि सुरापूर संस्थान निजामाला मिळाले. वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले.

महत्त्व : संरक्षणासाठी केलेल्या मैत्रीतून दुर्बल मित्राचे परराष्ट्र-स्वातंत्र्य, महसूल व मुलूख क्रमाने कसे बांधले जातात, हे या प्रकरणातून दिसते. धाराशिव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिले (पहा : मराठवाडा मुक्तिसंग्राम).