धैर्यधर आणायचा कोठून?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव या वास्तूला दिले आहे त्या संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. जयंतीचे हार घेऊन यायचे, त्या दिवशी कलावंतांना आणि रसिकांना राखेपुढे उभे राहावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पूर्ण करविलेल्या या ‘पॅलेस थिएटर’चे छत गेले, रंगमंच गेला, दगडी भिंती तेवढ्या उरल्या. वास्तू होती तशीच पुन्हा उभारण्याचे शासनाने जाहीर केले, हे उचितच झाले.

दगड, लाकूड आणि लोखंड पैसा खर्चून आणता येते. परंतु पडदा वर गेल्यावर त्या रंगमंचावर उभे कोण राहणार? केशवरावांच्या नावाच्या नाट्यगृहाचा दुसरा जन्म ‘संगीत मानापमान’च्या नांदीने व्हावा, असे माझ्यासारख्या संगीतप्रेमी माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. ही इच्छा बोलून दाखविली की, पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “अहो फादर, धैर्यधर आणायचा कोठून? आणि भामिनी?” प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधण्यासाठी या नाटकाच्या इतिहासाकडेच वळावे लागेल.

‘मानापमान’चे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे जवळच्या सांगलीचे. त्यांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली. त्यानंतर, १२ मार्च १९११ रोजी, किर्लोस्कर नाटक मंडळीने मुंबईत ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. श्रीमंत घरची भामिनी शूर पण निर्धन सेनापती धैर्यधराला झिडकारते. पुढे वनमाला नावाच्या गरीब मुलीच्या वेषात ती त्याच्या छावणीत जाते आणि त्याची खरी योग्यता तिला तेथे उमगते. माणसाचा मान धनावर ठरावा की गुणावर, असा हा साधा प्रश्न आहे. त्याला चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. तेही करवीर परिसरातील सांगवड्याचे. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याची नजाकत त्यांनी मराठी पदांत अशी मुरविली की नाट्यसंगीताचे वळणच पालटले. पहिल्या प्रयोगात नानासाहेब जोगळेकर धैर्यधर होते, बालगंधर्व भामिनी होते आणि गणपतराव बोडस लक्ष्मीधर होते. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी दगावली आणि तरीही त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही, ही हकीकत मराठी रसिकांच्या पिढ्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितली आहे.

आता भूमिकांकडे पाहू. पहिले धैर्यधर जोगळेकर लवकरच निवर्तले, पण नाटक थांबले नाही. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व, टेंबे व बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘मानापमान’ तिच्याबरोबर गेले. इकडे ललितकलादर्श मंडळीत केशवरावांनी धैर्यधर उभा केला. पुढे बळवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर धैर्यधर झाले आणि आपल्या तडफदार गायकीने त्यांनी त्याच पदांचा नूर असा पालटला की ती नव्याने जन्मल्यासारखी वाटावीत. एकच भूमिका, आणि प्रत्येक गळ्याचा घाट निराळा! ‘मानापमान’ कोणा एका नटाची मिरास कधीच नव्हते. ज्याला आपण आज ‘मूळ’ म्हणून पूजतो, ते मूळ पहिल्या काही वर्षांतच अनेक हातांतून गेले होते. म्हणून ‘पुन्हा केशवराव होणे नाही’ हे वाक्य खरे असले, तरी नाटक न करण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’. लोकमान्यांच्या स्मरणार्थ उभारल्या जाणाऱ्या टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या मुंबईच्या बालीवाला थिएटरात एकत्र आल्या. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी! ज्यांच्या चाहत्यांत एरवी विस्तव जात नसे, ते दोघे एका रंगमंचावर उभे राहिले. पण नियतीला हा योग फार काळ मंजूर नव्हता. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवरावांनी इहलोकीची यात्रा संपविली.

हे केशवराव घडले कसे? कोल्हापुरातील एका गरीब घरात १८९० साली जन्मलेले हे मूल अगदी कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. तेथेच वाढले, तेथेच शिकले. देवलांच्या ‘शारदे’तील नायिकेने त्यांना बालपणीच कीर्ती मिळवून दिली. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ललितकलादर्श काढली, तेव्हा त्यांचे वय अठराही पुरे नव्हते. पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयाकडून त्यांनी विद्या घेतली. बारकाईने पाहिले तर ध्यानात येते की नाटक मंडळी ही केवळ खेळ करणारी संस्था नव्हती. ते एक गुरुकुल होते. मुलगा तेथे पहाटे रियाज करी, दिवसा तालीम करी आणि रात्री विंगेत उभा राहून मोठ्यांची पदे कानांत साठवी. गावागावांतून नटांची निवड करावी लागत नसे; नट घरातच पिकत.

आपल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. गोव्यातील पॅरिश शाळांतून शेकडो वर्षे मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकविले गेले ते चर्चच्या उपासनेसाठी. पण त्याच शाळांतून निघालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद सजविले. कोणी ते ठरवून केले नव्हते. शाळा होती, म्हणून माणसे तयार झाली. जेथे शाळा मोडते, तेथे एका पिढीत गळे मुके होतात, हे गायनवृंद चालविणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला अनुभवाने ठाऊक आहे.

संगीत नाटकाची शाळा मोडली ती बोलपटाने, आणि योगायोग असा की त्यात कोल्हापूरचाच हात होता. येथेच १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली पडद्यावर आला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच. ज्याने ‘मानापमान’ला सूर दिले, त्यानेच मराठी बोलपटालाही सूर दिले. रात्रभर चालणारे नाटक, मोठा लवाजमा, सारंगी-तबल्याचे नामांकित साथीदार, भरजरी कपडे यांचा खर्च एकीकडे; आणि थोडक्या पैशांत तेच गाणे गावोगाव ऐकविणारा पडदा दुसरीकडे. या तोलात मंडळ्या एकामागून एक बुडाल्या. १९३५ साली स्वतः बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले.

म्हणून संगीत नाटक कायमचे संपले का? नाही. १९६० च्या दशकात ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ यांनी त्याला नवा श्वास दिला. ‘कट्यार’चे उदाहरण आपल्या प्रश्नाला फार उपयोगी आहे. १९६७ साली पं. वसंतराव देशपांडे यांनी खाँसाहेब उभा केला, तेव्हा ही भूमिका दुसऱ्या कोणाची होऊ शकत नाही, असेच वाटले होते. २०१० मध्ये नाटक पुन्हा आले. खाँसाहेब झाले त्यांचे नातू राहुल देशपांडे. आजोबांची विद्या नातवापर्यंत पोहोचली होती, म्हणून हे घडू शकले. उलट, २०१५ च्या ‘कट्यार’ चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकर यांचा होता आणि गळा राहुल देशपांडे यांचा. जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ही चित्रपटरूपाने आले. चित्रपटाला चेहरा एकाचा आणि स्वर दुसऱ्याचा घेता येतो. रंगभूमीला ही सवलत नाही. तेथे एकाच देहात नट आणि गवई नांदावे लागतात. निवडीची खरी अडचण ती ही.

मग ‘मानापमान’ उभे करायचे तर कसे? सर्वप्रथम पदांची संख्या कमी करावी लागेल. मूळ नाटकात पन्नासच्या आसपास पदे आहेत. आजचा प्रेक्षक तीन तासांहून अधिक बसणार नाही. निम्मी पदे ठेवून, एका पदाला चार-चार वेळा ‘वन्स मोअर’ घेण्याचा मोह टाळला, तर कथेला श्वास घेता येईल. भामिनी आता अर्थातच स्त्रीने करावी. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे, जयमाला शिलेदार आणि २०२२ साली आपल्यातून गेलेल्या कीर्ती शिलेदार यांनी हा वाद केव्हाच मिटविला आहे. गर्विष्ठ श्रीमंत कन्या आणि नम्र वनमाला ही दोन मने एकाच गळ्यातून निराळी दाखवू शकेल, अशी मुलगी हवी. बालगंधर्वांच्या हरकतींची नक्कल करणारी नको. लक्ष्मीधराला विनोदाची समज असलेला गद्यनट चालेल. असा नट कोल्हापुरात मिळणे कठीण नाही. सर्वांत बिकट आहे तो धैर्यधर. उंच पट्टीत, दमदारपणे गाणारा आणि तलवार कमरेला शोभेल असा तरुण जाहिरात देऊन मिळणार नाही. तो घडवावाच लागेल. दोन-तीन वर्षे लागतील, आणि एकाऐवजी चौघांना शिकवावे लागेल, तेव्हा त्यातून एक उभा राहील.

कोल्हापुरात हे अशक्य नाही. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे या नगरीने ऐकले आहे. देवल क्लबसारखी शतकाहून जुनी संस्था येथे नांदते आहे. उणीव आहे ती साथीचीही. पायाने भाता मारीत वाजवायचा ऑर्गन हा नाट्यसंगीताचा कणा. आपल्या कित्येक जुन्या चर्चमध्ये गायनवृंदाच्या माळ्यावर असा एखादा ऑर्गन धूळ खात पडलेला असेल. तो दुरुस्त करून एखाद्या मुलाच्या हाती दिला, तर तो आपल्या गायनवृंदालाही उपयोगी पडेल आणि उद्या कदाचित एखाद्या भामिनीच्या पदालाही. विद्या कोणाच्या दारातून आत आली, हे ती कधी सांगत नाही.

आगीत जे जळाले ते पुन्हा बांधता येईल. नव्या पडद्यासमोर बसून आपण जुन्या नावांचे स्मरण करू, हेही खरे. परंतु धैर्यधराची गोष्ट आपल्याला जे शिकविते ते विसरू नये. भामिनीने नाव आणि ऐश्वर्य पाहिले तेव्हा ती चुकली. छावणीत जाऊन माणूस पाहिला तेव्हा तिला तो सापडला. आपणही थोर नावांकडे पाहत बसलो तर चुकू. नवा धैर्यधर आज कोल्हापूरच्या एखाद्या गल्लीत शाळेच्या प्रार्थनेत गात असेल. नाट्यगृहाचे छत पुरे होण्याआधी त्याला शोधून गुरूपुढे बसविले पाहिजे.