ओस्टेन, फ्रान्त्स
ओस्टेन, फ्रान्त्स : (२३ डिसेंबर १८७६ – २ डिसेंबर १९५६). जर्मन चित्रपट-दिग्दर्शक आणि मुंबईतील बॉम्बे टॉकीजचे पहिले प्रमुख दिग्दर्शक. मूळ आडनाव ओस्टरमायर. जन्म म्यूनिकचा. घरी छायाचित्रणाचा व्यवसाय होता. धाकटे बंधू पेटर यांनी म्यूनिकच्या चित्रपटधंद्याचा पाया घातला आणि फ्रान्त्स यांना काम मिळत राहिले ते बरेचसे त्यांच्याच आधाराने. फ्रान्त्स यांनी पुष्कळ मूकपट केले. पण मुर्नाऊ, लांग यांसारख्या दिग्दर्शकांच्या त्या काळात समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही.

१९२५ साली भारतीय निर्माते हिमांशू राय यांच्याबरोबर केलेल्या प्रेमसंन्यास (लाइट ऑफ एशिया) या बुद्धचरित्रपटाने त्यांना पहिल्यांदा स्वतःची ओळख दिली. स्टुडिओ नाही, कृत्रिम प्रकाश नाही. भारतातले ऊन आणि जयपूर दरबारचे हत्ती यांच्या बळावर हा मूकपट उभा राहिला. पाठोपाठ शिराज (१९२८) व प्रपंचपाश (१९२९) आले. एवढ्यात बोलपट सुरू झाले आणि राय-ओस्टेन ही जोडी खंडित झाली. मायदेशी परतलेल्या ओस्टेन यांच्या वाट्याला पुन्हा दुय्यम कामेच आली.

१९३४ साली राय यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभारली आणि ओस्टेन यांना बोलावून घेतले. जर्मन छायालेखक योझेफ विर्शिंगही आले. ओस्टेन तेव्हा साठीकडे झुकले होते. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी पंधराच्या आसपास हिंदी बोलपट दिग्दर्शित केले, तेही हिंदी येत नसताना. संवादाचे शब्द कळत नसलेल्या दिग्दर्शकाला भारतीय सहकाऱ्यांच्या कानांवर विसंबावे लागे. चेहरा, हालचाल आणि चौकट मात्र त्यांच्या हाती होती. अछूत कन्या (१९३६) मध्ये हे स्पष्ट दिसते. रेल्वे फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी (देविका राणी) आणि ब्राह्मण प्रताप (अशोक कुमार) यांची ही कथा रुळांपाशीच वाढते आणि गाडी थांबवायला धावलेल्या कस्तुरीच्या मृत्यूने रुळांवरच संपते. निरंजन पाल यांची कथा व सरस्वतीदेवींचे संगीत यांचाही या चित्रपटाच्या यशात मोठा वाटा आहे.

अस्पृश्यतेविरुद्ध बोलणारा हा चित्रपट ज्या वर्षी आला, त्याच वर्षी ओस्टेन नाझी पक्षाचे सदस्य झाले. हिंदुस्थानात राहून, राय यांच्यासारख्यांबरोबर रोज काम करत असताना त्यांनी हे केले. त्यांच्या कामाचे मोल मांडताना ही गोष्ट वगळता येत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा लीला चिटणीस व अशोक कुमार यांच्या कंगनचे काम चालू होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारने स्टुडिओतील जर्मनांना स्थानबद्ध केले आणि चित्रपट सहकाऱ्यांनी पुरा केला. वयामुळे ओस्टेन यांची १९४० मध्ये सुटका होऊन ते जर्मनीला गेले. त्याच वर्षी राय वारले. तरुण विर्शिंग मात्र युद्ध संपेपर्यंत छावण्यांत राहिले, नंतर बॉम्बे टॉकीजमध्येच परतले आणि महल (१९४९) चे छायालेखन त्यांनी केले.

जर्मनीत ओस्टेन यांना बाव्हारिया या चित्रपट कंपनीत काम मिळाले, पण दिग्दर्शनाचे नाही. युद्धानंतर ते चित्रपटांपासून दूर गेले. बाड आइब्लिंग या बव्हेरियातील गावी त्यांचे निधन झाले. कंगननंतर त्यांच्या नावावर एकही चित्रपट नाही.