काम तारयंत्राचं, हात विहिरीवरचा

गळीत हंगामात नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत कारखान्याकडे जातात. काही ट्रॅक्टरांच्या छतावर स्पीकर असतात आणि पेटीत दोन-तीन ॲम्प्लिफायर. डेकचं बटण दाबलं की सगळे ॲम्प एकदम सुरू होतात. हे काम करतो काड्यापेटीहून लहान काळा ठोकळा, म्हणजे रिले. मोटारीचा सुटा भाग म्हणून आपण तो विकत घेतो, पण त्याचं कूळ मोटारीत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्याचं काम पाहू. ॲम्पला करंट थेट बॅटरीतून जाड केबलने मिळतो. ‘आता जागा हो’ एवढा निरोप मात्र डेकमधून निघणारी बारीक रिमोट वायर देते. अनेक डेकवर या वायरीची मर्यादा ३०० मिलिॲम्पियर असते. एका ॲम्पला ती पुरते. त्याच वायरीवर तीन ॲम्प आणि वर पंखे जोडले तर व्होल्टेज पडतं, ॲम्प बंद-चालू होतात आणि कधी डेकचं आउटपुटच जळतं. रिलेची कॉइल साधारण १५० मिलिॲम्पियर घेते. ती ओढली गेली की ३० नंबरच्या पिनवरचा बॅटरीचा ताजा करंट ८७ मधून सगळ्या ॲम्पच्या रिमोट पॉइंटना जातो.

ही रिमोट वायर मुळात ॲम्पची नव्हे, अँटेनाची. रेडिओ लावला की मोटारीची अँटेना आपोआप वर यायची, आणि त्यासाठी रेडिओतून एक निळी वायर निघायची. पुढे ॲम्पला निळी-पांढरी वायर मिळाली. अँटेनाला उठवणाऱ्या वायरीला लोकांनी ॲम्प उठवायला लावलं. मूळची सोय एका छोट्या कामाची होती. ती पुढे तोकडी पडली आणि मध्ये रिले घालावा लागला.

रिलेचा जनक कोण, यावर जुना वाद आहे. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये दूरच्या क्षीण प्रवाहाने जवळचं मोठं सर्किट तोडून दाखवलं. १८३७ मध्ये लंडनला तो तारयंत्रावर काम करणाऱ्या व्हीटस्टनला भेटला, तेव्हा अशीच युक्ती त्याच्याकडेही होती. १८३८ मध्ये एडवर्ड डेव्हीने पेटंट घेतलं, १८४० मध्ये मोर्सने. माझा कौल हेन्रीला, कारण छोट्याने मोठ्याला हुकूम द्यायची कल्पना त्याच्या प्रयोगात सर्वांत स्पष्ट दिसते. पण ट्रॅक्टरवरचा रिले हुबेहूब हेन्रीचा नाही. तो ॲम्पचा मुख्य करंट वाहतच नाही. दमलेल्या निरोपाला ताजं करून पुढे पाठवणं एवढंच त्याचं काम, आणि ते तारखात्याचं काम. भारतात तारसेवा १८५५ मध्ये जनतेसाठी खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये थांबली. तिचं हे एक काम मात्र उसाच्या ट्रॅक्टरवर अजून चालू आहे.

आता प्रश्न असा, की गावच्या वायरमनने हे शिकलं कुठे? सोपं उत्तर आहे: हॉर्न आणि हेडलाइटच्या रिलेवरून. पिनांचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन मोटार-मानकातले आहेत, हे मला मान्य. पण त्यावरून फार तर डबी कुठून आली ते कळतं. वापरायची अक्कल विहिरीवरून आली, असं मी म्हणतो.

विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर उघडा. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टरची कॉइल ओढली जाते आणि मोटारीला तिन्ही फेज मिळतात. कॉइलची टोकं ए-१, ए-२, तीच रिलेवर ८५, ८६. वरून येणारा आणि खाली जाणारा करंट, तोच रिलेवर ३० आणि ८७. या भागात विहिरींवर मोटारी आल्या त्या ट्रॅक्टरवरच्या ॲम्पच्या कितीतरी आधी. शिवाय नगरच्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांचा, मोठा कारखाना उभा राहिला, जो २०२० मध्ये श्नायडरकडे गेला. स्टार्टर जळाला तर गावातच कॉइल बदलणारा माणूस सापडतो. ट्रॅक्टरची वायरिंगही बहुतेक तोच करतो.

‘रिले’ हा शब्दही शेतकऱ्याला स्टार्टरनेच दिला असावा. मोटारीवर जादा लोड आला की ‘रिले ट्रिप झाला’ म्हणतात. गंमत अशी, की तो ओव्हरलोड रिले उष्णतेने वाकणाऱ्या पट्टीवर चालतो. आपल्या रिलेचा खरा भाऊबंद त्याच्या शेजारचा कॉन्टॅक्टर.

माझ्या मताविरुद्ध एक मुद्दा वजनदार आहे. स्टार्टरमध्ये होल्डिंग कॉन्टॅक्ट असतो, म्हणून बटण सोडलं तरी कॉइल धरून राहते. ट्रॅक्टरवरच्या रिलेत तो नसतो. नकल करणाऱ्याने तोही उचलायला हवा होता ना? मला उलटंच दिसतं. डेक बंद झाला की ॲम्प बंद व्हायलाच हवेत, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल. होल्डिंग कुठे हवं आणि कुठे नको, हे ज्याला कळतं त्याने नुसती नकल केलेली नाही. कॉइलवर उलटा डायोड लावायचा, म्हणजे ती सुटताना उठणारा झटका डेकपर्यंत जात नाही, हे मात्र त्याला विहिरीने शिकवलं नाही. तिथली कॉइल एसीवर चालते, तिथे असा डायोड चालतच नाही. तेवढं त्याला इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून घ्यावं लागलं.