चवदार तळ्याचा खटला महाडच्या कोर्टात पुन्हा उभा राहिला पाहिजे

२० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो, क्रांतिस्तंभाला वंदन करतो, पुस्तकांच्या स्टॉलवर रेंगाळतो आणि परततो. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन पाळतो. पण १७ मार्चला काय घडले, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या खटल्यात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. पाणी घेतले २० मार्च १९२७ ला. त्या पाण्यावरचा हक्क कोर्टात शेवटचा कायम व्हायला दहा वर्षांना तीन दिवस कमी इतका काळ गेला. ओंजळीचा क्षण आपण जपला, दहा वर्षांची कोर्टातली लढाई मात्र विसरलो. हा खटला रंगमंचावर, तोही महाडच्या कोर्टाच्या आवारात, आपल्याच कार्यकर्त्यांनी उभा करावा, असे माझे म्हणणे आहे.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात डेटन नावाचे छोटे गाव आहे. तिथे जुलै १९२५ मध्ये जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. माणूस उत्क्रांत झाला असे शाळेत शिकवणे, हा त्याचा गुन्हा. त्याला १०० डॉलर दंड झाला. त्या खटल्यावरचे गाजलेले नाटक आणि सिनेमा बाहेरच्यांनी केले, आणि त्यात कल्पनेची भर बरीच होती. पुढे गावकऱ्यांनी स्वतःच तो खटला करायला घेतला. मूळ कोर्टाच्या इमारतीत, मूळ दालनात, स्थानिक हौशी कलाकार तो उभा करतात. धर्मग्रंथ मोठा की माणसाची बुद्धी, हा वाद प्रेक्षक त्याच छताखाली बसून ऐकतो. डेटननंतर अडीच वर्षांच्या आत महाडच्या कोर्टातही रूढी मोठी की माणूस, हाच प्रश्न आला. डेटनने आपला खटला जपला. आपण काय केले?

आता महाडचा खटला क्रमाने पाहू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी त्या कागदाला अर्थ दिला. मग काय झाले? परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ‘शुद्धी’ झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये सत्याग्रहाची हाक दिली. तेव्हा सनातनी कोर्टात गेले. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. दाव्याचा गाभा असा: हे तळे अनादी काळापासून स्पृश्यांसाठीच आहे, अस्पृश्यांना तिथे हक्क नाही. त्याच तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, गुरेढोरे पाणी पीत होती. मनाई हवी होती ती फक्त आपल्याला.

२५ डिसेंबरला हजारो सत्याग्रही जमले होते. पाणी घ्यायचे म्हणजे कोर्टाचा हुकूम मोडायचा. परिषदेत यावर कडाक्याची चर्चा झाली आणि शेवटी सत्याग्रह स्थगित ठेवण्याचे ठरले. आजही कोणी याला माघार म्हणतो. माघार कसली? त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. ज्या ग्रंथाने पाणी नाकारले त्याला आग, आणि ज्या कोर्टाने हुकूम दिला त्याला कायद्याने उत्तर, अशा दोन आघाड्या एकाच वेळी उघडल्या गेल्या.

उत्तर सावकाश मिळत गेले. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई हुकूम उठला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. वादी ठाण्याला अपिलात गेले. जानेवारी १९३३ मध्ये तिथेही हरले. मग हायकोर्ट. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या नावाने हे अपील न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यापुढे आले. या काळात बाबासाहेब तीन गोलमेज परिषदांना गेले, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. महाडचा दावा चालूच होता.

निकाल आपल्या बाजूने लागला. पण तो नीट वाचला पाहिजे. अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून हायकोर्टाने अपील फेटाळले नाही. वादींनी सांगितलेली अनादी काळाची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही, म्हणून फेटाळले. ती सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहितविरोधी आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता, असे म्हणून न्यायमूर्तींनी तो प्रश्न तिथेच सोडला.

म्हणजे पुरावा तोकडा पडला म्हणून आपण जिंकलो. उद्या कोणी दुसऱ्या तळ्यावर भक्कम पुरावा आणला असता तर? हा सोडलेला प्रश्न बाबासाहेबांनी स्वतः निकाली काढला. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. ते वाचताना मला प्रत्येक वेळी महाडचे तळे दिसते.

मग हे आज नाटकात का आणायचे? कारण कोर्टात जात दिसूनही न दिसणे अजून संपलेले नाही. खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली; आरोपींना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. १९३७ चा निकाल समजलेल्या तरुणाला हे जास्त नीट कळेल.

काही कार्यकर्ते म्हणतील, सनातन्यांचे युक्तिवाद आपल्या तोंडून कशाला वदवायचे? वदवायचेच. आपल्याच पोराने काळा कोट घालून ‘अनादी काळापासूनची वहिवाट’ हे शब्द भर कोर्टात उच्चारावेत आणि समोरच्या गर्दीने ते ऐकावेत. त्यांची भाषा किती शांत, किती कायदेशीर होती, हे कळले की आजची तशीच भाषा ओळखता येते. अट एकच: बाबासाहेबांच्या तोंडी मनचे संवाद घालायचे नाहीत. दावा, हुकूम आणि निकालपत्रे एवढा मसाला पुरेसा आहे. त्यांचे सोपे मराठी करणे हेच पहिले काम, आणि ते आपल्या तरुण वकिलांनी अंगावर घ्यावे.

रंगभूमी आपल्याला नवी नाही. जोतीरावांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला. मुंबई हायकोर्टात टिळकांच्या खटल्याची आठवण संगमरवरावर कोरलेली आहे. आपल्या खटल्याची आठवण आपण माणसांच्या आवाजात कोरू.

पुढच्या १७ मार्चला महाडच्या कोर्टाच्या आवारात परवानगी मागू या. मिळाली तर आत, नाही मिळाली तर फाटकाबाहेर. तीन दिवसांनी तळ्यावर येणाऱ्या जनतेला या वेळी दहा वर्षांचा हिशेबही ऐकू द्या.

जय भीम!