तगाई आणि तारण

ज्यांची गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे त्यांनी एकदा जुना सातबारा काढून बघा. 'इतर अधिकार' या रकान्यात कुठेतरी 'तगाई' असा शब्द आणि त्यापुढे एखादी रक्कम सापडण्याचा संभव आहे. आजोबा-पणजोबांनी विहिरीसाठी किंवा बैलांसाठी सरकारकडून घेतलेलं ते कर्ज. कानाला हा शब्द 'तगणे'चा भाऊ वाटतो, पण मूळ अरबी आहे, 'बळ देणे' या अर्थाचा. नांगरणीच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पैसे द्यायचे आणि पीक आलं की परत घ्यायचे. मोगलांच्या वेळी तगाई होती, पेशवाईतही होती. ओस पडलेलं गाव पुन्हा वसवायचं तर कौल द्यायचा, पहिली काही वर्षं सारा कमी ठेवून मग दरसाल थोडा थोडा वाढवायचा (याला इस्तावा म्हणत) आणि वर तगाई द्यायची. आज आपण जिला ग्रामविकासाची योजना म्हणतो ती हीच, फक्त तेव्हा तिला लोगो नव्हता.

तगाईची सगळ्यात विलक्षण हकीकत आपल्या खानदेशातली आहे. १८१८ साली इंग्रजांच्या हाती खानदेश आला तेव्हा त्याची पार दैना झाली होती. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, लगेच १८०३-०४ चा दुष्काळ, त्यानंतर पेंढारी. गावंच्या गावं उठून गेली आणि शेतांत रान माजलं. जे भिल्ल पूर्वी गावांची राखण करून आपला हक्क घेत, त्यांचे हक्क बुडाले आणि ते सातपुडा-सातमाळ्याच्या डोंगरांत शिरून लुटीवर जगू लागले. पहिले अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी फौजा पाठवल्या, नायकांना नेमणुकाही देऊन पाहिल्या. डोंगरातल्या तापाने शिपाई मरत होते. सात वर्षं हे चाललं.

१८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या सरकारने धोरण बदललं. खानदेशात तीन भिल्ल एजन्स्या काढल्या. मागचे गुन्हे माफ, कसायला पडीक जमीन, सुरुवातीला साऱ्याची सूट आणि बैल-बियाण्यासाठी तगाई. त्याच वर्षी बावीस वर्षांच्या जेम्स आउटरॅमने भिल्ल पलटण उभी करायला घेतली. तिचं ठाणं धरणगावला, म्हणजे इथून मेहरूणहून तासाभराच्या वाटेवर. (शाळेच्या पुस्तकात या आउटरॅमचं नाव आलंच तर १८५७ च्या लखनौपुरतं येतं. धरणगाव येत नाही. वर्गात मी ते हटकून सांगायची, परीक्षेत येणार नसलं तरी.)

आता यातली गोम बघा. तगाई देताना त्या भिल्लाकडे तारण काय होतं? ना जमीन, ना घर, ना जामीन. उलट त्याच्या नावावर दरोडे होते. तरीही सरकारने बैल घ्यायला पैसे दिले. हा दयाळूपणा होता असं मला वाटत नाही. फौजेपेक्षा बैल स्वस्त पडतात हे सरकारला उमगलं होतं, आणि रानाची शेतं झाली की पुढे साराही येणार होता. पण हेतू काहीही असो, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला सरकारने आधी दिलं, ही गोष्ट घडली खरी.

मुलूख शांत झाला आणि तारणाचा प्रश्न परत आला. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा विहिरी, बांध, ताली यांसाठी होता. १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा बी-बियाणं, बैल आणि संकटकाळासाठी. दोन्ही कायदे उपयोगाचे, आपल्याकडच्या कितीतरी विहिरी तगाईतूनच खणल्या गेल्या. पण जमीन सुधारणेचं कर्ज जमिनीच्या तारणावर आणि थकबाकी साऱ्यासारखी वसूल होणारी. ज्याला गमवायला जमीन आहे त्यालाच दार उघडं. सालदाराने काय तारण ठेवावं? १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यात गावकऱ्यांनी एकमेकांची हमी घ्यायची सोय झाली, पण सालदाराची हमी घेणार कोण!

हे चक्र फिरलं ते १९७२ च्या दुष्काळात. त्या वेळी मी नुकतीच बी. ए. झाले होते. परदेशातून आलेला लाल मिलो आणि मुलांना मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली त्यांना वेगळं सांगायला नको. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती आणि १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात ती करूनही पाहिली होती. दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागा, पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता. तारण म्हणून फक्त दोन हात. खडी फोडायला आणि पाझर तलावावर माती वाहायला बायका मोठ्या संख्येने होत्या. मस्टरवर त्यांचं स्वतःचं नाव होतं, अंगठाही त्यांचाच. सातबाऱ्यावर ज्या बाईचं नाव कधी लागलं नाही तिचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा तिथे चढलं असेल.

याचा पैसा कुठून आला? १९७५ पासून आम्हा पगारदारांच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ आली. ती रोजगार हमीसाठीच होती, आणि तेवढीच भर सरकारने घालायची. शिक्षकांच्या खोलीत या कपातीवर बरीच कुरकुर चाले. मला ती ओळ कधी टोचली नाही. केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

मधल्या काळात १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर चालला. लहान शेतकऱ्याला २५ टक्के, मजुराला ३३ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के अनुदान, उरलेलं बँकेचं कर्ज. अनुदान मंजूर झालं तरी बँकेची पायरी चढावीच लागे. तिथे पुन्हा तारणाच्या गोष्टी.

मग १९९० मध्ये रोजगार हमीशी फळबाग जोडली. खड्डे, कलमं, मजुरी, सगळं अनुदानातून. आंबा, डाळिंब, बोर अशा झाडांनी माळरानं हिरवी झाली आणि राज्यभर फळबागांचं क्षेत्र वाढलं. मेहरूणच्या बोराचं नाव सांगत आम्ही इथे वाढलो, त्यामुळे बोराला अनुदान म्हटल्यावर मला बरंच वाटलं. पण बाग ज्याच्या जमिनीत लागली, झाड त्याचंच झालं. खड्डे खणणाऱ्याला खड्ड्याची मजुरी मिळाली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं फळं जमीनवाल्याने विकली. मजुराला झाडातला वाटा द्यायचा विचार कुणाला सुचायला हरकत नव्हती.

आता अर्ज महाडीबीटीवर भरतात. ठिबकचं अनुदान असो की यंत्राचं, आधी नावावर जमीन लागते. आमच्या नात्यात एकांची शेती निम्म्या बटाईने दिलेली आहे. मालक पुण्याला असतात, वर्षातून आखाजीला येतात. ठिबकच्या नळ्या बटाईदार पसरतो, फिल्टर तोच धुतो, अर्जावर नाव मात्र पुण्याचं. बटाईचा करार कागदावर करायला मालक तयार नाहीत, कूळ लागेल म्हणून.