कापणीचा मजूर



इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया. माझे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. म्हणून मी आज एका मजुराचा इतिहास सांगणार आहे. मात्र हा मजूर आठ पायांचा आहे.

इंग्रज त्याला 'हार्वेस्टमन' म्हणतात, म्हणजे कापणीचा मजूर. त्यांच्याकडे तो सुगीच्या दिवसांत फार दिसतो. जर्मन भाषेत तो 'वेबरक्नेख्त', म्हणजे विणकराचा गडी. शास्त्रीय नाव 'ओपिलिओनेस' हे स्वीडनच्या सुंडेवालने १८३३ मध्ये दिले, आणि लॅटिनमध्ये 'ओपिलिओ' म्हणजे मेंढपाळ. युरोपातले काही धनगर उंच काठ्यांवर चढून मेंढरे राखीत, त्यावरून हे नाव पडले असे म्हणतात. शेतमजूर, विणकर, धनगर! त्याला राजाचे नाव द्यावे असे कोणाला सुचले नाही. आपण तर त्याला सरसकट कोळी म्हणून मोकळे होतो.

तो कोळी नव्हे. कोळ्याच्या अंगाला कंबर असते. याचे अंग एकसंध, हरभऱ्याच्या दाण्यासारखे. याच्याजवळ विष नाही आणि सूतही नाही, म्हणजे जाळे विणण्याचा प्रश्नच नाही. पायांची दुसरी जोडी चालण्यापेक्षा चाचपण्यासाठी अधिक वापरतो. शत्रूने पाय धरला तर तो पाय तोडून देतो. तुटलेला पाय तिथेच फडफडत राहतो आणि हा निसटतो. पण तो पाय पुन्हा उगवत नाही. गिरणीत बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे हे वाचताना थोडा थांबलो होतो. असो.

विद्वानांनी याची आबाळच केली. पोकॉकने १९०० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत विंचू-कोळ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात यांना जागा नाही. डेन्मार्कच्या वित याने १९०३ मध्ये हिंदुस्थान प्रदेशातील जातींवर लेख लिहिला. पुढे ब्रेमेनचा रोएवर आला. १९२३ चा त्याचा जगभरच्या जातींचा ग्रंथ हजार पानांहून मोठा आहे. पायांचे सांधे आणि अंगावरचे काटे मोजून तो वर्ग पाडी, हजेरीपटावर नावे चढवावीत तसा. त्याने पाडलेले कितीतरी वर्ग पुढच्यांनी मोडले. नुसत्या मोजणीने नाते कळत नाही, हे युनियनच्या कचेरीतही कळते. आणि ज्यांनी ओल्या पाल्यातून हे जीव वेचून बाटल्या भरल्या, त्या हमालांची नावे बाटलीवरच्या चिठ्ठीत क्वचितच येत.

आता यांतला सर्वांत अपरिचित गट पाहू, सायफोफ्थाल्मी. दोन-तीन मिलिमीटरचा जीव, गोचिडासारखा दिसणारा, पाल्याखाली जन्मून तिथेच मरणारा. तो दूर जात नाही, म्हणूनच भूगोलाचा तो उत्तम साक्षीदार. श्रीलंकेतल्या 'पेट्टालस'चे भाऊबंद दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे आहेत. समुद्र पोहून ते गेले नाहीत. त्यांच्या पायाखालची जमीनच फुटून दूर गेली. आपल्या ईशान्येकडच्या डोंगरांतून मात्र २००७ मध्ये एक नवी प्रजाती जाहीर झाली, 'मेघालया'. तिचे नाते आग्नेय आशियाशी आहे. ती जाहीर करणाऱ्या तिघांत पुण्याच्या प्राणिसर्वेक्षण कार्यालयातले बस्तवडे होते. जातीचे नाव अन्नंडेल यांच्यावरून आहे, ते १९१६ मध्ये त्या संस्थेचे पहिले संचालक झाले.

मग आपले धाराशिव? आपण काळ्या दगडावर बसलो आहोत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हे पठार झाले. त्या वेळी इथल्या पाल्याखाली जे कोणी होते, ते गाडले गेले. कापणीच्या मजुराचे घराणे तर त्याहून कितीतरी जुने आहे. स्कॉटलंडमधील रायनीच्या दगडात त्याचा सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज सापडला आहे. म्हणजे बालाघाटावर आज जो वंश असेल, तो लाव्हा निवल्यावर कडेच्या मुलुखातून आलेला. तोही ओल धरून. सह्याद्रीत ती भरपूर; आपल्या अवर्षणाच्या जिल्ह्यात ती घळीत, दगडाखाली आणि झाडाच्या बुंध्याशी.

येडशीच्या रामलिंगाला श्रावणात पुष्कळजण जातात. तिथे दगड उचललाच तर आधी अंगाला कंबर आहे की नाही ते पाहावे, आणि दगड होता तसा पालथा ठेवावा.