पुन्हा उभे राहिलेले नेपियर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला एकदम नेपियरची आठवण झाली. लेकीकडे न्यूझीलंडला गेले असताना तिने मुद्दाम हे गाव दाखवले. समुद्राला लागून रुंद रस्ता, कडेने नॉर्फोक पाईनची सरळसोट उंच झाडे, आणि आत गेले की फिक्या गुलाबी, पिवळ्या, निळसर रंगांची ठेंगणी दुमजली घरे. सारे गाव जणू एकाच हाताने रेखाटले आहे!

नवल वाटले ते पाट्या वाचून. क्लाइव्ह स्क्वेअर, हेस्टिंग्ज स्ट्रीट, हैदराबाद रोड! ज्या टेकडीभोवती गाव वसले तिचे जुने नाव तर ‘सिंद आयलंड’. 1843 मध्ये मियानीच्या लढाईनंतर सिंध प्रांत घेणाऱ्या सर चार्ल्स नेपियरचे नाव इंग्रजांनी इथे दिले. माओरी लोकांसाठी मात्र ही भूमी अहुरिरीची. आपल्या देशावरील स्वारीची खूण इतक्या दूर, दुसऱ्यांच्या भूमीवर भेटावी, याने मन क्षणभर खिन्न झाले.

पण या गावाची खरी कथा पुढेच आहे. 3 फेब्रुवारी 1931, मंगळवार. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळेचा पहिलाच दिवस. सकाळी 10 वाजून 47 मिनिटांनी धरणी हादरली. क्षणभर थांबली आणि पुन्हा हादरली. भूकंपाची तीव्रता 7.8 होती. विटांच्या इमारती धडाधड कोसळल्या. पुष्कळ शाळांतील मुले मधल्या सुट्टीत मैदानावर होती, म्हणून वाचली. इस्पितळातील परिचारिकांचे वसतिगृह मात्र कोसळले, आणि रात्रपाळी करून झोपलेल्या काही जणी झोपेतच गेल्या. रात्रभर दुसऱ्यांच्या उशाशी जागलेल्या त्या मुली! त्यांची हकीकत ऐकताना माझे डोळे भरून आले.

मग औषधांच्या दुकानांतून आग लागली. पाण्याचे नळ जमिनीखाली फुटलेले. बंब असून उपयोग नव्हता. बाजारपेठ जळून खाक झाली. नेपियर, शेजारचे हेस्टिंग्ज व आसपासचा भाग मिळून 256 माणसे दगावली. बंदरात उभ्या असलेल्या ‘व्हेरोनिका’ या लढाऊ जहाजाने बिनतारी यंत्राने ही वार्ता बाहेर कळवली आणि तिचे खलाशी तातडीने मदतीला धावले.

एक विलक्षण गोष्ट घडली. गावाशेजारी, आपल्या कोकणातल्या खाजणासारखे, खाऱ्या पाण्याचे उथळ सरोवर होते. जमीन काही ठिकाणी सुमारे नऊ फूट वर उचलली गेली आणि जवळजवळ 40 चौरस किलोमीटर तळ कोरडा पडला. आज त्यावर शेते, घरे व विमानतळ आहे. ज्या धरणीने घर हिरावले, तिनेच अंगणही दिले!

पुढचे काम माणसांचे. मंदीचे दिवस, हातात पैसा नाही. सरकारने दोन आयुक्तांच्या हाती कारभार सोपवला. क्लाइव्ह स्क्वेअरमध्ये पत्र्याची दुकाने उभारून व्यवहार सुरू झाले. लोक त्याला ‘टिन टाऊन’ म्हणत. गावातील वास्तुशिल्पी एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण त्या वेळी त्यांनी एकत्र बसून काम केले. अरुंद रस्ते रुंद केले, चौकातील इमारतींचे कोपरे तिरपे कापले, विजेच्या तारा जमिनीखाली नेल्या. भूकंपात जड दगडी नक्षी लोकांच्या डोक्यावर कोसळली होती. म्हणून नव्या इमारती काँक्रीटच्या, सपाट, भिंतीवरच उठावाची साधी नक्षी असलेल्या केल्या. त्या काळी जगभर चाललेली ‘आर्ट डेको’ शैली या गरजेला नेमकी जुळली. एका बँकेसाठी बांधलेल्या इमारतीत तर माओरी नक्षीकाम घेतले आहे. जुन्या घरांचा राडारोडा किनाऱ्यावर टाकून त्यावर बागा केल्या. जानेवारी 1933 मध्ये, दोन वर्षे भरण्याच्या आतच, गावाने नव्या नेपियरचा उत्सव केला.

तरीही गोष्ट इथे संपत नाही. पन्नास वर्षांनी हीच घरे जुनाट वाटू लागली आणि काही पाडलीही गेली. तेव्हा, 1985 च्या सुमारास, तिथल्या काही नागरिकांनी पुढे होऊन शेजाऱ्यांना त्यांचे मोल पटवून दिले. म्हणून आज दर फेब्रुवारीत तिथे आर्ट डेकोचा उत्सव भरतो. 2023 च्या फेब्रुवारीत गॅब्रिएल वादळाने त्या प्रदेशाला पुन्हा झोडपले. त्या वर्षीचा उत्सव रद्द झाला, पण गाव परत सावरले.

परतताना मी त्या रुंद रस्त्यावर थोडी थांबले. रस्ता रुंद झाला म्हणजे कोणाच्या तरी दुकानाची हातभर जागा गेली असणार. आधीच सर्वस्व गेलेले असताना ती हातभर जागा सोडणे किती कठीण असेल! भगिनींनो, त्या गावाची शोभा मला त्या हातभर जागेत दिसली. आपले मंडळही इतकी वर्षे चालले, ते प्रत्येकीने आपल्या वेळातला, आपल्या मतातला थोडासा तुकडा सोडला म्हणूनच, नाही का?